मुळं फुटली का, एवढंच बघतो

पेचकसकाकांना सगळी आळी पेचकसकाका म्हणते, यात त्यांचा दोष एवढाच की त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी स्क्रू पिळायचा पेचकस असतो. बँकेत जा, दवाखान्यात जा, कुणाच्या लग्नाला जा, पेचकस बरोबर. धंदा घड्याळदुरुस्तीचा. बाजाराच्या गल्लीत चपलांचं दुकान आणि चाव्या बनवणाऱ्याची टपरी यांच्या मधल्या फटीत त्यांचं दुकान आहे. दुकान आपलं म्हणायचं म्हणून म्हणायचं. आत एक गिऱ्हाईक आलं की काकांना पोट आत घ्यावं लागतं, आणि दुसरं आलं तर पहिल्याला बाहेर काढावं लागतं. डोळ्याला भिंग, हातात चिमटा आणि पुढ्यात कुणाचं तरी उघडं पडलेलं घड्याळ, अशा थाटात त्यांचं आयुष्य चाललं होतं आणि छान चाललं होतं.

काकांची एकच खोड. बंद वस्तू त्यांना बघवत नाही. बंद पडलेली नव्हे हो, नुसती बंद असलेली. व्यवस्थित चालू असली तर अधिकच बघवत नाही. थर्मासमध्ये चहा गरम राहतो म्हणजे आत नेमकं काय होतं, हे बघायला त्यांनी थर्मास उघडला. त्यानंतर त्यात चहा कधीच गरम राहिला नाही, पण आधी का राहत होता ते काकांना कळलं, आणि त्यांच्या दृष्टीने सौदा फायद्याचा झाला. शेजारच्या नर्सबाईंचा वजनकाटा त्यांनी असाच उघडून मिटला. तेव्हापासून त्या काट्यावर आळीतल्या सगळ्या बायका सडपातळ आहेत, आणि तो पुन्हा दुरुस्त करायला नर्सबाई काकांना उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. ओव्हनमधला केक फुगतोय का हे बघायला काका इतक्यांदा दार उघडत, की काकूंनी आयुष्यात केलेला प्रत्येक केक पाटासारखा सपाट झाला. "एवढंच बघतो," हे काकांचं ठरलेलं वाक्य. ते ऐकलं की घरातली माणसं हाताशी असेल ती वस्तू उचलून लपवत.

या खोडीपायी सासऱ्यांशी त्यांचं बिनसलं ते लग्नाच्या दिवशीच. सासरेबुवांनी जावयाला हौसेने मनगटी घड्याळ घेतलं होतं. पाहुणे भेटायला रांगेत उभे, फोटोवाला "इकडे बघा, इकडे बघा" म्हणून ओरडतोय, आणि नवरदेवाने खिशातून पेचकस काढून घड्याळाचं मागचं झाकण उघडलं. आत नजर टाकली, मान डोलावली आणि म्हणाले, "मशीन ठीक आहे." कौतुकानेच म्हणाले हो! पण सासरेबुवांना वाटलं की भर मांडवात आपली झडती घेतली. तेव्हापासून ते जावयाला "जावईबापू" म्हणत, आणि त्या शब्दात असा काही मान भरलेला असे की ऐकणाऱ्याला घाम फुटावा.

सासरेबुवा म्हणजे साधं प्रकरण नव्हतं. उभा जन्म त्यांनी शहराची बस चालवली होती. आवाज हॉर्नसारखा आणि स्वभाव बसच्या मार्गासारखा, म्हणजे ठरलेल्या रस्त्यावरून एक वीत इकडे नाही की तिकडे नाही. निवृत्त झाल्यावर शहराच्या दुसऱ्या टोकाच्या लहानशा घरात ते राहत. आधी सासूबाईंसोबत, आणि त्या गेल्यावर एकटे. एकटे म्हणायचं, पण मागच्या अंगणात द्राक्षाचा वेल होता. कुणाच्या तरी कुंपणावरून मागून आणलेली बोटभर काडी सासूबाईंनी लावली होती. तिचा पुढे एवढा पसारा झाला की सासरेबुवांना लोखंडी पाइप आणून त्यावर मांडव घालावा लागला. द्राक्षं गोड होती असं म्हणणं धाडसाचं ठरेल. पण आंबट म्हणायची कुणाची छाती नव्हती.

त्या वर्षी थंडीत सासरेबुवा वेल बांधायला शिडीवर चढले आणि खाली आले ते शिडीसकट. हाड मोडलं नाही, पण उठता येईना. सकाळी पडलेला माणूस दुपारी गॅसवाल्याने बघितला. तोवर ते मांडवाखाली उताणे पडून कुठली फांदी छाटायची राहिली आहे ते बघत होते, असं त्यांनीच नंतर सांगितलं. काकूंनी मात्र ते ऐकलं आणि डोळ्याला पदर लावला तो खाली घेईनात.

"बाबा, आता पुरे. आमच्याकडे चला. लेकीची खोली रिकामीच पडलीय," काकू म्हणाल्या. काकूंची लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात होती.

"आणि वेलाकडे कोण बघणार? तू?"

"वेलासाठी जीव देणार का तुम्ही?"

"मी कुणाच्या घरी पडून राहणारा माणूस नाही," सासरेबुवा गरजले. शेजारच्या घरातलं कुत्रं भुंकलं.

काकू दिवसभर बोलत राहिल्या. म्हातारा ब्रेक लावून बसला तो बसलाच. शेवटी काकूंनी रडून बघितलं, तेव्हा कुठे सासरेबुवांनी भिंतीकडे तोंड करून एक अट घातली. "वेलाच्या काड्या देतो. तुमच्या अंगणात लावा. त्यातल्या एकीला पान फुटलं, की त्या दिवशी मी येतो. वेल आधी, मी मागून." मग काकांकडे वळून त्यांनी पुस्ती जोडली, "जावईबापू, काम तुमच्याकडे. हात नाजूक आहे म्हणे तुमचा."

आता खरं सांगायचं तर, सासरा घरी येणार या कल्पनेने काकांना काही आनंदाचं भरतं आलं नव्हतं. सकाळी उठल्याबरोबर हॉर्न, न्हाणीघराच्या दाराशी हॉर्न, बातम्या लागल्या की टीव्हीवर हॉर्न. पण बायकोचा चेहरा त्यांनी बघितला होता. मांडवाखाली पडलेला बाप तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. झोपेतसुद्धा ती दचकून उठे आणि फोनकडे बघे. तेव्हा काकांनी मनाशी ठरवलं, काड्या जगवायच्या. मनापासून ठरवलं.

सासरेबुवांनी खुर्चीत बसून पेन्सिलीएवढ्या जाड काड्या कापल्या. प्रत्येकीवर चार डोळे. डोळा म्हणजे काडीवरचा तो उंचवटा, जिथून पुढे पान फुटतं. खालचं टोक सरळ कापलं, वरचं तिरकं, म्हणजे लावताना उलटसुलट व्हायला नको. ओल्या गोणपाटात गुंडाळून त्यांनी ती मोळी काकांच्या हातात दिली. "दोन डोळे मातीत, दोन बाहेर. सावलीत ठेवायच्या. माती ओली हवी, चिखल नको. आणि मुख्य म्हणजे, एकदा लावल्या की हात लावायचा नाही."

शेवटचं वाक्य बोलताना सासरेबुवा, काकू, आणि खबर घ्यायला आलेला तो गॅसवाला असे तिघेही काकांकडे बघत होते. गॅसवाल्याला कुणी सांगितलं असेल कुणास ठाऊक.

काड्या लावल्या काकांनी अगदी दृष्ट लागण्यासारख्या. माती चाळून घेतली, वाळू मिसळली, कुंड्या मागच्या अंगणात भिंतीच्या सावलीला मांडल्या. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी काका चहाचा कप घेऊन कुंड्यांसमोर उकिडवे बसले. वरून काडी जशीच्या तशी. आत काय चाललं असेल? काही चाललं तरी असेल का? माणसाने विश्वास ठेवायचा तरी कशावर? एक काडी त्यांनी चिमट्यात धरून अलगद वर ओढली, डोळ्याला भिंग लावलं आणि खालचं टोक निरखलं. काही नाही. परत खोचली, माती दाबली, कप उचलला आणि दुकानात गेले.

दुसऱ्या दिवशी दुसरी काडी. मग वाटलं, कालची काय म्हणतेय बघावं. मग बाकीच्यांवर अन्याय नको. आठवड्याभरात काकांचा असा नेम बसला की सकाळी दात घासायचे आणि काड्या उपटायच्या. उपटत अगदी हळुवार, तेवढं म्हणायला हवं. नवजात बाळाला आंघोळीला घ्यावं तशी एकेक काडी बाहेर यायची, भिंगाखाली जायची आणि परत मातीत निजायची. काड्यांनी काही दिवस ही थट्टा सोसली. मग साल सुरकुतली, डोळे काळे पडले, आणि सगळ्या कशा एका रांगेत वाळून कोळ झाल्या.

काकूंनी त्यांना रंगेहाथ पकडलं ते शेवटच्या काडीसकट. एका हातात चिमटा, एका डोळ्याला भिंग, आणि दुसरा डोळा काकूंकडे.

"काय करताय?"

"मुळं फुटली का, एवढंच बघतो."

काकू तशाच आत निघून गेल्या. काकांना बोलणी खायची सवय होती, न बोलण्याची नव्हती. जेवताना भाजीची वाटी पुढे सरकवताना त्या एवढंच म्हणाल्या, "बाबा नको असतील तर तसं सांगायचं होतं. काड्यांचा जीव कशाला घेतलात?"

काकांच्या हातातला घास हातातच राहिला. "अगं, काय बोलतेस! मी मुद्दाम मारल्या?"

"नाही मारल्या?"

मुद्दाम मारल्या नव्हत्या, हे देवाशप्पथ खरं. पण पहिली काडी वाळलेली दिसली तेव्हा पोटात कुठेतरी जरासं हलकं वाटलं होतं, हेही खरं, आणि नेमकं तेच बायकोने भिंगाशिवाय बघितलं होतं. माणसाने अपराध केलेला नसावा आणि तरीही मनात चोर असावा, याहून वाईट अवस्था नाही. काका न जेवता उठले.

दुसऱ्या काड्या आणायला दोघं सासरेबुवांकडे गेली. मेलेल्या काड्या काकूंनी कागदात गुंडाळून नेल्या होत्या. सासरेबुवांनी एकेक काडी उचलली आणि नखाने साल खरवडून बघितली. आत हिरवं असेल तर जिवंत, तपकिरी असेल तर संपली. सगळ्या तपकिरी.

"काय झालं यांना?"

काका पुढे होणार, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "मांजराने उपटल्या, बाबा." रागावलेल्या होत्या, पण नवऱ्याची अब्रू दुसऱ्याच्या घरी काढायची नाही एवढं त्यांना कळत होतं. मग ते दुसऱ्याचं घर बापाचं का असेना.

सासरेबुवांनी काडी डोळ्यांजवळ नेली. सालीवर चिमट्याच्या दातांच्या खुणा रांगेने उमटल्या होत्या. "मांजर शिकलेलं दिसतंय," ते म्हणाले. "चिमटा वापरतं."

काका लाजेने लाल झाले आणि "पाणी पिऊन येतो" म्हणून आत पळाले. ते गेले म्हणून बरं झालं. कारण आत त्यांना जे दिसलं ते काकूंना दाखवायचं नाही, असा म्हाताऱ्याचा बंदोबस्त होता. स्वयंपाकघरापासून न्हाणीघरापर्यंत खुर्च्या मांडलेल्या होत्या, भिंतीला लागून नव्हे, वाटेतच, एकीपासून हात लांब केला की दुसरी हाताला येईल अशा. डबे फळीवरून खाली ओट्यावर आले होते. छतावरचा दिवा गेलेला होता आणि खाली एक मेणबत्ती होती. ओट्याच्या कडेशी ताट ठेवलेलं होतं, तिथे बसायला काही नव्हतं. म्हणजे म्हातारा उभ्यानेच जेवत होता, कारण एकदा बसला की उठवणारं कुणी नव्हतं.

मागून काठीचा आवाज आला. सासरेबुवा पहिल्या खुर्चीशी थांबले, मग दुसरीशी.

"काय बघताय जावईबापू? हे स्टॉप आहेत. गाडी जुनी झाली की स्टॉप वाढवावे लागतात." मग आवाज उतरवून, म्हणजे आपल्यातुपल्यासारखा करून ते म्हणाले, "तिला सांगू नका. उगाच रडत बसेल."

काकांनी मान हलवली. फळीवरचा नवा दिवा घेतला आणि एका खुर्चीवर चढून बदलला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एखादी वस्तू न उघडता दुरुस्त केली असेल. सासरेबुवा खुर्चीच्या पाठीला धरून वर बघत उभे होते. दिवा लागला तेव्हा ते "हं" एवढंच म्हणाले, पण त्या "हं"ला नेहमीची धार नव्हती.

परतताना बसमध्ये काकूंच्या मांडीवर काड्यांची नवी मोळी होती. काका खिडकीबाहेर बघत होते. या म्हाताऱ्याला इथे एकटं ठेवायचं नाही, असं आता त्यांना स्वतःलाच वाटत होतं, आणि ते इतक्या जोराने वाटत होतं की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. मग मोळीकडे बघत ते म्हणाले, "ऐक. या काड्यांना माझ्यापासून वाचव."

काकूंनी वळून त्यांच्याकडे बघितलं. थट्टा दिसेना. मग त्यांचा राग तिथेच, दोन स्टॉपांच्या मध्ये, निम्मा उतरला.

काड्या वाचवायच्या म्हणजे नर्सबाईंखेरीज गत्यंतर नव्हतं. त्या रोग्यांना धाकात ठेवण्यात मुरलेल्या, आणि काकांवर वजनकाट्यापासून नजर ठेवून असलेल्या. कुंड्या त्यांच्या गॅलरीत गेल्या. नर्सबाईंनी जाळीच्या दाराला आतून कडी घातली आणि काकांना नियम ऐकवले. "भेटायची वेळ चार ते पाच. पेशंटला हात लावायचा नाही. पेशंटवर श्वास सोडायचा नाही. चिमटा बाहेर ठेवून यायचं. आणि तो खिशातला पेचकसही."

"पेचकस कशाला?"

"तुम्ही माझी गॅलरी उघडून बघाल."

काका रोज चार वाजता दुकानाला कुलूप लावत. गिऱ्हाइकांना सांगत, "दवाखान्यात जाऊन येतो." चपलांच्या दुकानदाराला वाटलं, यांच्या घरी कुणी तरी अत्यवस्थ आहे. त्याने एकदा फळंही आणून दिली. काका हात पाठीमागे बांधून जाळीबाहेर उभे राहत आणि आतल्या काड्यांकडे बघत. हात शिवशिवत, बोटं आपोआप चिमट्यासारखी मिटत. असा एक तास गेला की ते घामाघूम होऊन परत जात आणि उरलेल्या संध्याकाळी लोकांची घड्याळं सपाट्याने दुरुस्त करत. त्या दिवसांत त्यांच्याकडची घड्याळं वेळेवर मिळू लागली, हे गिऱ्हाइकांनी नमूद करून ठेवण्यासारखं होतं.

आणि एके दिवशी नर्सबाईंनी गॅलरीतूनच हाक मारली. "या हो! पेशंटने डोळा उघडला!"

खरंच. एका काडीच्या वरच्या डोळ्यातून गुलाबी-हिरवं, चुण्या पडलेलं, नखाएवढं पान बाहेर आलं होतं. काकू चप्पल न घालता धावत आल्या. पानाकडे बघितलं, नर्सबाईंना मिठी मारली, काकांना मारणार होत्या पण नर्सबाई बघत होत्या म्हणून फक्त त्यांची बाही धरली. मग घरी जाऊन फोन लावला. "बाबा! पान आलं!" पलीकडून हॉर्न वाजला, "उद्या येतो बघायला. बघितल्याशिवाय मी मानणार नाही."

सासरेबुवांनी पान काकांच्याच अंगणात हवं म्हटलं होतं, म्हणून संध्याकाळी कुंड्या नर्सबाईंकडून घरी आल्या. आणि घोडं तिथेच पेंड खाऊ लागलं.

सकाळी काकू बाजारात गेल्या होत्या. घरात काका आणि अंगणात काडी. काका आधी लांबून बघत होते. मग जवळून. पान आता जरा उलगडलं होतं. एवढं पान आलंय म्हणजे खाली मुळांचं जाळं झालं असणार, नाही का? झालंच असणार. मग बघायला काय हरकत आहे? नसेल झालं तर बघायलाच हवं. या दुहेरी तर्कापुढे कोणाचं काय चालणार? सुंभ जळतो, पीळ जात नाही. काकांनी बोटांनी माती उकरली, काडी वर घेतली आणि भिंग लावलं.

एकही मूळ नव्हतं.

खालच्या टोकाला नुसत्या पांढरट बारीक गाठी होत्या. पान आपलं काडीत साठलेल्या जुन्या शिदोरीवर फुटलं होतं. शिदोरी संपली की मान टाकणार, हे सांगायला पंडित नको होता. काकांनी काडी परत लावली आणि पायरीवर जाऊन बसले. काकू पिशव्या घेऊन आल्या तेव्हा ते तसेच होते.

"पान खोटं आहे," काका म्हणाले.

काकूंनी आधी मातीने भरलेली बोटं बघितली, मग चेहरा. कपाळाला हात लावायलासुद्धा हात रिकामा नव्हता. "तुम्ही परत उपटलीत!"

"उपटली. मूळ नाही तिला. अगं, बाबा घर सोडून येतील, मागे वेल वाळेल, आणि आठ दिवसांनी ही काडीपण जाईल. म्हणजे त्यांचं तिकडचंही गेलं आणि इकडचंही. त्यांना सांगायला हवं."

"काही सांगायचं नाही. पान खोटं असू दे. माझे बाबा येतील ते तर खरं ना?" काकूंनी पिशव्या खाली ठेवल्या. "आयुष्यभर सगळं उघडत आलात. आज फक्त तोंड बंद ठेवा. माझ्यासाठी."

काकांनी मिठाची गुळणी धरली. धरली म्हणजे अशी की सासरेबुवांची टॅक्सी दाराशी आली तरी "या" म्हणायला त्यांचं तोंड उघडेना. सासरेबुवा काठी टेकत अंगणात आले. येताना त्यांनी वाटेत भिंत धरली, मग दार, मग काकांचा खांदा. खांदा धरला तो सोडला नाही. कुंडीसमोर उभे राहून त्यांनी वाकायचा प्रयत्न केला, जमेना, तेव्हा काकांनी कुंडी उचलून त्यांच्या डोळ्यांसमोर धरली.

"हं," सासरेबुवा म्हणाले. "आलंय पान."

काकू दारात उभ्या होत्या. काकांच्या हातात कुंडी होती, खांद्यावर म्हाताऱ्याचा हात होता आणि त्या हाताचा सगळा भार त्यांना कळत होता. स्वयंपाकघरातल्या त्या खुर्च्या त्यांना आठवल्या. एवढा भार टाकणाऱ्या माणसाला फसवायचं कसं? बायकोकडे एकदा दीनवाणं बघून काकांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "बाबा, पान आहे पण मूळ नाही. मी उपटून बघितलं. आजच सकाळी. आधीच्या काड्याही मीच मारल्या, मांजर नव्हतं. तुम्ही आत्ता घर सोडून याल आणि ही काडी जगेलच असं मी सांगू शकत नाही. पण तुम्ही या. काडी जगो की मरो, तुम्ही या. मला तुम्ही हवे आहात इथे."

लग्नापासून आजवर सासऱ्याशी ते एवढं एका दमात बोलले नव्हते. दारात काकूंनी तोंडावर हात ठेवला होता. सासरेबुवा काकांकडे वळले.

"जावईबापू, मी काय म्हणालो होतो? पान फुटलं की येतो, की मूळ फुटलं की येतो?"

"पान," काका म्हणाले.

"मग? मुळाचं कुणी विचारलं होतं?"

"पण..."

"पण काय पण! द्राक्षाच्या काडीला पान आधी फुटतं. मुळं मागून येतात, नाहीतर येतही नाहीत. पाण्याच्या ग्लासात उभी केली तरी पान फुटतं. एवढी वर्षं वेल लावतोय, मला ठाऊक नसेल?" सासरेबुवा खाकरले. कुंडीतली माती त्यांनी बोटाने उगाच दाबली. "खालून पांढऱ्या गाठी आल्यात का?"

"आल्यात."

"मग येतील मुळं. हात लावू नका."

काकू पुढे आल्या. "बाबा, आणि तिकडचा वेल?"

"तो शेजारच्यांकडे सोपवलाय. शिडीवरून पडलो त्याच आठवड्यात." म्हाताऱ्याचा आवाज आता इतका खाली आला होता की तो हॉर्न आहे हे कुणाला सांगून पटलं नसतं. "पान फुटायची सगळ्यात सोपी अट घातली होती गं मी. वाटलं, पंधरा-वीस दिवसांत बोलावणं येईल. पेटी बांधून बसलो. तर जावईबापूंनी काड्या मारल्या. पेटी सोडली. मग दुसऱ्या नेल्यात तेव्हा परत बांधली. वाकून दोर बांधायचे म्हणजे काय गुडघे दुखतात, तुम्हाला काय कळणार."

काकू रडत होत्या की हसत होत्या, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

"आता उभे काय राहिलात?" सासरेबुवा गरजले, आणि पलीकडच्या गॅलरीत नर्सबाई दचकल्या. "टॅक्सीवाला खोळंबलाय. डिकीत पेटी आहे, ती उतरवून घ्या."